ढगूची खेळणी : चौदा आठवड्यांची वही

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे : "सात खेळणी. एकालाही चोच लावली नाही."

ढगू हा माझा कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, पोपटासारखा छोटा पक्षी. नर, तीन वर्षांचा, अंग राखाडी, तोंड पिवळं, सकाळी काही खाण्याआधीचं वजन ९२ ग्रॅम. पिंजऱ्याची एकच तार दिवसभर चोचीने घासायची आणि दुपारी अर्धा-पाऊण तास सलग किंचाळायचं, असं त्याने सुरू केलं. त्याला करायला काही नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मी खेळणी आणली. लाल-निळे अॅक्रिलिकचे मणी, जाड लाकडी ठोकळे, साखळी, घुंगरू. सगळी वरून टांगायची, सगळी दिसायला सुंदर. ढगू लांबच्या कोपऱ्यात तुरा ताठ करून, अंग बारीक करून बसला. खाणं निम्म्यावर आलं. तिसऱ्या दिवशी मी सातही काढून घेतली.

पुढचे आठ दिवस पिंजऱ्यात काहीच टांगलं नाही. त्याला बाहेर जास्त वेळ दिला, जवळ बसले आणि तो आपणहून चोच कशाला लावतो ते टिपत गेले. नवीन पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला सांगेन. ते पान असं आहे : पिंजऱ्याच्या तळाच्या कागदाची कड. वहीचा कोपरा. दांडीचं कापलेलं टोक. बाहीच्या बटणाची कड. पुन्हा तळाचा कागद. खाली उतरून चालणं, चालता चालता टोचणं.

दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. ढगूला कड लागते. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याची छोटी चोच बसतच नाही. पातळ कड मिळाली की शिवणयंत्राच्या सुईसारखी टक-टक करत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. आणि त्याला जमीन लागते. ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या माळरानात कॉकाटील थव्याने खाली उतरतात आणि गवताचं पडलेलं बी वेचून खातात. मी मात्र सगळं छताला टांगून ठेवलं होतं. शिवाय कॉकाटील सहसा खाणं पंजात धरून खात नाही, त्यामुळे पायात धरून खेळायचे चेंडू आणि छोट्या काड्याही त्याच्या कामाच्या नाहीत. कोन्युर किंवा अॅमेझॉन पोपटाला तीच वस्तू तासभर पुरेल. पाकिटावर 'पोपटांसाठी' लिहिलेलं असतं, पण ९० ग्रॅमचा कॉकाटील आणि किलोभराचा मकाव यांना एकच खेळणं कसं चालेल? मकावला कठीण लाकूड फोडायला हवं असतं, ढगूला बाल्साचं मऊ लाकूड किंवा भेंड. भेंडाचा तुकडा त्याच्या चोचीखाली पापडासारखा तुटतो, आणि तुटण्यातच त्याची मजा आहे. खेळणं आठवड्याभरात नाहीसं झालं की मी ते यशस्वी धरते. वर्षभर जसंच्या तसं टिकलेलं खेळणं ढगूने वापरलेलंच नसतं.

तिसऱ्या आठवड्यात तळाशी स्टेनलेस स्टीलचं उथळ ताट ठेवलं. त्यात छपाई नसलेल्या तपकिरी कागदाच्या पट्ट्या, भेंडाचे काप आणि मधे मधे चिमूटभर बी. पहिल्या दिवशी तो काठाशी उभा राहून नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी काठावरची एक पट्टी ओढली आणि लगेच मागे सरला. चौथ्या दिवशी दोन्ही पाय ताटात, तुरा सैल, आणि पट्ट्या डावी-उजवीकडे उडत होत्या. त्या दिवशी मी घड्याळ लावलं : २२ मिनिटं. आता सकाळचं सत्र ४० मिनिटांच्या आसपास असतं.

शेजारच्या वाटीत तेच बी भरलेलं असतानाही तो आधी ताटाकडे जातो. प्राण्यांच्या या वागण्याला कॉन्ट्राफ्रीलोडिंग म्हणतात. ग्लेन जेन्सन या संशोधकांनी १९६३ साली उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा आयतं खाणं समोर असूनही उंदीर कळ दाबून मिळणारं खाणं घेत होते. वाचलेलं असलं तरी रोज सकाळी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं की मन भरून येतं.

इथून पुढे मला घाई झाली, ती तुम्ही करू नका. ताट जमलं म्हणून मी वाटीवर कागद बांधला आणि कडेकडेने बारीक भोकं पाडली. ढगूला उमगेना. दोन दिवसांत वजन ९२ वरून ८८ वर आलं. एवढ्याशा पक्ष्यासाठी चार ग्रॅम पुष्कळ. लगेच वाटी उघडी केली आणि पायऱ्या लहान केल्या : आधी उघड्या वाटीशेजारी नुसता कागद, मग वाटीवर पाव भाग कागद, मग अर्धा, मग मोठ्या भोकाचा पूर्ण कागद, आणि शेवटी भोक नाही. प्रत्येक पायरीला तीन-चार दिवस दिले. संपूर्ण झाकलेल्या वाटीपर्यंत यायला अडीच आठवडे लागले. खाणं लपवायचा कुठलाही खेळ सुरू करताना ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा जवळ असायलाच हवा. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, पिसांखाली सगळं झाकलं जातं.

सहाव्या आठवड्यातलं पान लिहिताना हात थरथरत होता. सुती दोराचा झोपाळा लावला होता, त्याला आवडलाही होता. एका संध्याकाळी फडफड ऐकू आली. धावत गेले तर ढगू एका पायावर लोंबकळत होता. दोराचा पीळ सुटून निघालेला धागा बोटाभोवती आवळला होता. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याला रुमालात धरलं आणि मी लहान कात्रीने धागा कापला. बोट सुजलं होतं, डॉक्टरांना दाखवलं आणि दोन दिवसांत बरं झालं. अर्धा तास कोणी घरात नसतं तर काय झालं असतं, हे अजूनही मनात येतं. असे धागे पक्षी गिळतात आणि ते पोटात गोळा होऊन अडकतात, तो धोका वेगळाच. दोराचं काहीही मी आता पिंजऱ्यात ठेवत नाही. टांगायला वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या, रंग न दिलेल्या चामड्याची जाड पट्टी वापरते.

त्याच रात्री जुनी सातही खेळणी टेबलावर काढून एकेक तपासलं. घुंगराच्या फटीत बोट किंवा चोच अडकू शकते, ते बाद. साखळीच्या उघड्या कड्या बाद. कड्यांबाबत माझा नियम असा : कडी एवढी लहान हवी की डोकं शिरणार नाही, किंवा एवढी मोठी की पूर्ण अंग सहज पार होईल. डोकं जातं पण खांदे अडकतात, असं मधलं माप सगळ्यांत वाईट. अडकवायला स्प्रिंगचा हुक होता. त्यात चोच अडकते म्हणून त्याच्या जागी पेच फिरवून बंद होणारी स्टेनलेस स्टीलची क्विक लिंक लावली. जस्ताचा मुलामा दिलेला धातू पूर्ण वर्ज्य. पक्षी तो चाटतो, खरवडतो आणि जस्त अंगात जाऊन विषबाधा होते. शिशाचंही तसंच. सातांतून दोन उरली. लाकडी ठोकळ्यांचं खेळणं सोडवून त्यातला एक निळा ठोकळा बाजूला ठेवला, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आरशाबद्दल बरेच जण विचारतात. ढगूकडे आधीच्या घरातून आलेला आरसा होता. तो त्याच्यासमोर तासन्‌तास गायचा आणि खाल्लेलं बी बाहेर काढून काचेला भरवायचा. जोडीदाराला भरवतात तसंच. समोरचा पक्षी कधीच उत्तर देत नाही आणि हा थांबत नाही. आरसा काढल्यावर चार दिवस तो बेचैन होता, मग माझ्या शिटीला उत्तर द्यायला लागला. पिंजऱ्यात टांगायच्या मऊ कापडी गुहाही मी आणत नाही. अंधारी बंद जागा मिळाली की घरट्याची ओढ जागी होते आणि कापडाचे धागेही पोटात जातात.

रात्रीचं पान छोटं आहे, पण कॉकाटीलवाल्यांसाठी महत्त्वाचं. हे पक्षी अंधारात दचकून पिंजऱ्यात जोरात फडफडतात. नवव्या आठवड्यात तसं झालं आणि झोपायच्या दांडीजवळच्या खेळण्यावर पंख आपटून दोन कोवळी पिसं तुटली, रक्त आलं. आता संध्याकाळी त्या दांडीभोवतीचं सगळं काढते आणि खोलीत मंद दिवा ठेवते.

सध्या पिंजऱ्यात एका वेळी तीनच गोष्टी असतात : तळाचं ताट, कडांसाठी चामड्याच्या पट्टीत ओवलेल्या पातळ पुठ्ठ्यांची चवड (डिंक आणि टाचण्या नसलेले पुठ्ठे), आणि एक काहीतरी बदलतं. बदल दर पाच-सहा दिवसांनी, तोही एकाच वस्तूचा. पूर्वी मी दर रविवारी सगळं बदलत होते आणि दर सोमवारी तो घाबरलेला असायचा. दुपारचं किंचाळणं पूर्ण थांबलेलं नाही, पण गेल्या दोन आठवड्यांत ते दहा मिनिटांच्या वर गेलेलं नाही. तार घासणं बंद आहे.

कॉकाटील काकाकुव्याच्याच कुळातला, त्या कुळातला सर्वांत लहान. व्हिएन्नातल्या संशोधकांकडचा फिगारो नावाचा गॉफिन काकाकुवा लाकडाची ढलपी काढून तिने जाळीपलीकडचा दाणा ओढायचा. त्यावरचा शोधनिबंध २०१२ साली आला. ढगूकडून मी तशी अपेक्षा ठेवत नाही. पण कागदाची घडी कुठून उलगडायची हे त्याने दोन दिवसांत शोधलं, तेव्हा त्या कुळाची आठवण झाली.

आता तो निळा ठोकळा. नवी वस्तू मी थेट पिंजऱ्यात नेत नाही. आधी ती पिंजऱ्यापासून लांब टेबलावर ठेवते, रोज त्याच्यासमोर स्वतः हाताळते आणि तुऱ्याकडे बघत राहते. तुरा ताठ झाला की वस्तू मागे, सैल पडला की वितभर पुढे. पुठ्ठ्यांच्या चवडीला चार दिवस लागले होते. ठोकळ्याला आज एकोणीस दिवस झाले. त्याच्या कडा मी पॉलिश पेपरने घासून रंग पूर्ण काढला, एका बाजूला करवतीने पातळ खाचा पाडल्या, म्हणजे चोच बसायला कड मिळेल. काल ढगू टेबलावर उतरला, ठोकळ्यापासून दीड फुटावर थांबला, मान वाकडी करून एका डोळ्याने बराच वेळ पाहिलं आणि तुरा अर्धा खाली आला. आज सकाळी फूटभर अंतरावर राळ्याच्या कणसाचा तुकडा ठेवला आहे. अजून तो तिथपर्यंत गेलेला नाही.