आमची वाटचाल : काचेला अडकणारा ट्रे

मद्रासच्या कॅथीड्रल रोडवरचं वुडलँड्स ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच खायचं हॉटेल, १९६२ साली सुरू झालं आणि २००८ साली बंद पडलं. आमच्या पत्र्याच्या कामातला एक कोपरा मात्र अजून त्याच हॉटेलाच्या आठवणीवर चालतो. उडुपी हॉटेलवाले इडलीपात्रं, परातींसाठी येतात आणि गाडीत बसल्या जागी खायला द्यायचा विषय निघाला की हमखास म्हणतात, "वुडलँड्सला असायचा तसा ट्रे हवा."

हॉटेल उडुपीकडच्या के. कृष्णराव यांचं. वुडलँड्स हे नाव रोयापेट्ट्यातल्या एका बंगल्याचं. त्यांचं आधीचं हॉटेल त्या बंगल्यात होतं. कल्पना अमेरिकन. तिकडे डॅलसमध्ये १९२१ सालीच पिग स्टँड नावाचं ड्राइव्ह-इन निघालं होतं. मद्रासला तिथलं डुकराचं मांस जाऊन इडली, बोंडा, छोले-भटुरे आणि फिल्टर कॉफी आली. जागा होती १८३५ साली स्थापन झालेल्या कृषी-उद्यान संस्थेची, म्हणजे झाडं आयती. मद्रासच्या उन्हात हे फार मोलाचं. एसी नसलेल्या अँबॅसडरमध्ये सांबार खायचं तर डोक्यावर सावली हवीच. रस्त्याच्या एका टोकाला जेमिनी स्टुडिओ (१९७३ पासून तिथल्या चौकात उड्डाणपूल), पुढे स्टेला मॅरिस कॉलेज आणि दुसऱ्या टोकाला म्युझिक अकादमी, जिचं सभागृह १९६२ सालचंच. आत बसून खायलाही हॉल होता. औषध कंपन्यांचे एमआर तर त्या हॉटेलाला आपलं ऑफिसच समजत.

आता गाडीच्या काचेला अडकवायचा तो ट्रे. दिसायला साधा, पण त्याला तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात : काच फुटू नये, दाराला ओरखडा पडू नये आणि सांबार सांडू नये. आमचं माप ४० बाय २८ सेंटीमीटर. चारही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर कड उभी मुरडलेली. १.२ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ट्रे साडेचारशे ग्रॅम भरतो, ०.८ मिलिमीटर स्टीलमध्ये नऊशेच्या आसपास. हलका म्हणून आधी ॲल्युमिनियमच चालायचं. पण चिंचेचं पाणी आणि धुण्याच्या सोड्याने ते काळं पडतं आणि काळ्या ट्रेमध्ये गिऱ्हाईक खायला नाखूष असतं. म्हणून आता ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील. २०२ प्रतीचं स्वस्त पडतं, पण मीठ आणि चिंच लागून त्यावर बारीक खड्डे पडतात. ते आम्ही देत नाही, भाव कितीही पाडून मागितला तरी.

मागे दोन आकडे, ते काचेच्या वरच्या कडेवर बसतात. खाली तिरका पाय आणि त्याला रबराचा बूट, तो दाराला टेकतो. इडली-वड्याची बशी, सांबार-चटणीच्या वाट्या, कॉफीचा पेला-डबरा (पेला आणि त्याखालची खोल वाटी), पाणी, आणि ट्रेचं स्वतःचं वजन धरून अडीच किलो होतात. हा भार काचेपासून साधारण १८ सेंटीमीटरवर पडतो. आकड्यापासून बुटापर्यंतची उंची २५ सेंटीमीटर ठेवली तर काचेवर बाहेरच्या बाजूला पावणेदोन किलोच्या वर ओढ येते. तीच उंची १५ केली की ओढ तीन किलो. पाय आखूड करून पत्रा वाचवायचा मोह म्हणून नडतो.

गाडीच्या दाराची काच बहुधा टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते. तिच्या अंगावर थाप मारली तरी ती सोसते, पण कडेला लोखंडाची एक बर (कापलेल्या कडेवरचा धारदार काटा) टोचली तर अख्खी काच खडीसाखरेसारखी सांडते. म्हणून आकड्याच्या आतून कानस मारून वर रबर चढवायचं. साधं रबर तेलकट हाताने फुगून सुटतं, नायट्राइल टिकतं. रबरातून धातू दिसायला लागला की ट्रे त्याच दिवशी बाजूला.

लावायची रीत अशी : काच चार बोटं वर घ्यायला सांगायची, दोन्ही आकडे एकदम बसवायचे, पाय टेकवायचा आणि तळहाताने ट्रे दाबून बघायचा. मग जड वाट्या काचेकडे, बशी बाहेरच्या कडेला. सांबाराची वाटी पाऊणच भरायची. ट्रे कलला असेल तर तिच्यातच आधी दिसतं. काढताना भांडी आधी उचलायची, ट्रे शेवटी. इथे घाई करणारा पोऱ्या कॉफी स्वतःच्याच पायावर घेतो.

फियाट, हेरल्ड, अँबॅसडरच्या काळात हे सोपं होतं. काच हाताने फिरवायची, गिऱ्हाइकाने हँडल सोडलं की जागच्या जागी राहायची. पुढच्या दाराला तिकोनी काच असली तर आकड्यांना जागा कमी, इतकंच. आता काच वक्र, दार खाली फुगीर आणि बटणाची काच. मागे बसलेल्या पोराने बटण दाबलं की काच खाली आणि ट्रे रस्त्यावर. त्यामुळे लावून झाल्यावर खिडक्यांचं लॉक दाबायला सांगणं हा आता रीतीचाच भाग.

तरी ड्राइव्ह-इन बदललेल्या गाड्यांमुळे गेली असं आम्हाला वाटत नाही. हिशेब जागेचा आहे. एका गाडीला साडेबारा चौरस मीटर, वळायला तेवढीच आणखी. चौघांच्या टेबलाला पाच चौरस मीटर पुरतात आणि बिल तेवढंच होतं. शहराच्या मध्यावर, दुसऱ्याच्या जमिनीवर हे गणित जमीन हातात आहे तोवरच. वुडलँड्सची जागा सरकारने घेतली आणि २०१० साली तिथे सेम्मोळी पूंगा ही बाग उघडली. सेम्मोळी म्हणजे अभिजात भाषा, इथे अर्थात तमिळ. तो दर्जा आपल्या मराठीला मिळाला २०२४ साली. मराठीच्या नावाने बाग काढायचं तेवढं अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

ट्रेची मागणी नोंदवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. काचेची जाडी मोजून पाठवा, साडेतीन ते पाच मिलिमीटरमध्ये काहीही निघते. काच चार बोटं वर घेऊन तिच्या कडेवरून सरळ ओळंबा सोडा आणि २५ सेंटीमीटर खाली दार दोरीच्या किती पुढे येतं ते लिहा. पायाला खाच आणि विंग नट (हाताने पिळायचा नट) आहे, तीन सेंटीमीटरपर्यंतचा फुगवटा त्यात बसतो. त्याहून जास्त असेल तर पाय वेगळा कापावा लागतो.