पार्सलच्या जेवणाचा हिशेब

बाहेरून मागवलेले जेवण परवडते का, हा प्रश्न बहुतेकदा पैशांच्या अंगानेच विचारला जातो, आणि तसा विचारला की त्याचे उत्तरही ठरलेलेच असते. जागेचे भाडे, स्वयंपाक्याचा पगार, डबे, पोहोचवणाऱ्याची मजुरी आणि मधल्या अ‍ॅपचे कमिशन या साऱ्यांचा भार उचलणारे जेवण घरच्यापेक्षा महाग पडणारच. मला मात्र हा हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडावासा वाटतो: चुलीवरून उतरल्यापासून आपल्या ताटात पडेपर्यंत त्या पदार्थाचे काय होते आणि जे उरते ते आपल्याला घरी करता आले असते का?

तळलेले पदार्थ या कसोटीला अजिबात उतरत नाहीत. गरम तेलात पडताच त्यांच्या पृष्ठभागातले पाणी उकळून निघून जाते आणि कोरडे, कुरकुरीत कवच तयार होते. आतला गर मात्र ओलाच असतो आणि बाहेर काढल्यावरही वाफ सोडत राहतो. उघड्या थाळीत ती वाफ उडून जाते, पण बंद डब्यात तिला वाट मिळत नाही. मग झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, वाटेतल्या हिसक्यांसरशी खाली टपकतात आणि घरी झाकण उघडावे तर फ्रेंच फ्राइज माना टाकून पडलेले असतात. डब्याच्या झाकणाला आठवणीने भोके पाडणारा दुकानदार दिसला की माझा त्याच्याविषयीचा आदर वाढतो, तरी तळण दुकानाच्या दारातच उभ्याने खावे, हे माझे मत काही बदलत नाही.

रस्सेदार पदार्थांना प्रवासाची भीती नसते. ते मुळातच ओले असतात, दाट असल्यामुळे उष्णता बराच वेळ धरून ठेवतात आणि मसाल्यांतली सुगंधी द्रव्ये तेलात विरघळलेली असल्यामुळे थोडा उशीर झाला तरी चवीला फारसा धक्का लागत नाही. गंमत अशी, की जो पदार्थ इतका सुखरूप घरी येतो, तो बहुधा घरीही बरा जमतो. आणि ज्याच्यासाठी बाहेर पैसे मोजावेत, तो वाटेतच बिघडतो. या कोंडीतून सुटणारे पदार्थ फार थोडे आहेत.

पिझ्झा हा त्यांतला एक. घरचा ओव्हन साधारणपणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो, तर नेपल्सच्या पद्धतीच्या भट्टीत तापमान ४०० अंशांच्या वर जाते आणि पिझ्झा दीडेक मिनिटात भाजून निघतो. ही आच घरी आणता येत नाही, म्हणून ती विकत घेण्यात मला काही गैर वाटत नाही. त्याच्या प्रवासाचीही कोणी ना कोणी काळजी वाहिलेली आहे: वाफ निघून जावी म्हणून खोक्याला छिद्रे असतात आणि झाकण दबून चीजला चिकटू नये म्हणून मधोमध प्लास्टिकची इवलीशी तिपाई उभी असते. या तिपाईचे पेटंट अमेरिकेत कार्मेला व्हिटाले यांना १९८५ मध्ये मिळाले. तरीही तळाचा कडकपणा वाटेत थोडा जातोच; तो तव्यावर दोन मिनिटे ठेवला की बराचसा परत येतो.

तासन्‌तास मंद आचेवर शिजणाऱ्या पदार्थांनाही मी याच पंक्तीत बसवतो. तिथे आपण आच नव्हे, तर दुसऱ्याची दुपार विकत घेत असतो, आणि कामावरून थकून आलेल्या माणसाला तो सौदा महाग म्हणता येणार नाही.

भात मात्र मागवू नये. डब्यात तो दबून त्याचा गोळा होतो, आणि उरलेला तासन्‌तास बाहेर राहिला तर शिजवण्यातूनही तगून राहिलेल्या जिवाणूंचे बीजाणू त्यात वाढू लागतात, म्हणून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. तिथे स्टार्च घट्ट होऊन तो टणक बनतो, ते वेगळेच. रस्सा मागवला की मी लगेच तांदूळ धुवायला घेतो. पार्सल येईपर्यंत भात होतोच, आणि बिलातली एक ओळ कमी होते.