तुम्ही विचारलंत म्हणून: एमएस असताना कोरोना झाला तर?

"ताई, तुम्हाला एमएस आहे अन् कोरोनाबी होऊन गेला म्हणं. मग आमच्या पोरीला झाला तर कसं? तिची औषधं आधीच बंद करून ठेवावी का?"

असे फोन मला अजूनही येतात. गंगाखेडहून, मानवतहून, वसमतहून. फोनवर बहुतेक वेळा वडील असतात नाहीतर नवरा, आणि जिला आजार आहे ती मागे बसून ऐकत असते. आपल्या भागात एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, झालेली माणसं विखुरलेली आहेत. न्यूरोलॉजिस्टसाठी कुणी संभाजीनगर गाठतं, कुणी लातूर, कुणी थेट हैदराबाद. त्यामुळे आधीपासून आजारी असलेल्या माणसाचा नंबर हातोहात फिरतो. फोनवर घाईघाईत अर्धंमुर्धं सांगितलं जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

औषधं बंद करावी का, याचं उत्तर आधी देते. नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा चुकवू नका.

या प्रश्नामागे एक समजूत असते की एमएसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते. खरं म्हणजे ती चांगली धडधाकट असते, फक्त चाल करून जाते ती आपल्याच माणसावर. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं, ते ती खराब करते. कालव्याचं अस्तर उखडलं की सोडलेलं पाणी वाटेतच मुरतं आणि टेलच्या शेतकऱ्याला पोचत नाही. पायापर्यंत जाणारा मेंदूचा निरोप असाच वाटेत विरतो. म्हणजे नुसता एमएस आहे म्हणून कोरोना लवकर पकडतो, असं नाही. एकदा पकडला की तो किती जड जाईल, हे मात्र माणसागणिक बदलतं.

२०२० मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी कोरोना झालेल्या एमएसच्या ३४७ पेशंटांची नोंद तपासली. वय जास्त, लठ्ठपणा आणि चालण्याची अडचण जास्त, अशांना आजार जड गेला होता. काठीशिवाय शंभर मीटरही जाता येत नाही किंवा खुर्चीवरच बसून असतात, त्यांची काळजी अधिक घ्यायची ती यामुळे. पाठोपाठ इटलीतल्या नोंदींमधून औषधांचं चित्र पुढे आलं. रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅब ही बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रिकाम्या करणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये आजार गंभीर होण्याचं प्रमाण जास्त होतं. ज्यांनी नुकतेच मोठ्या डोसचे स्टेरॉइड घेतले होते, त्यांच्यातही. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांवर असलेल्यांना तसा धोका दिसला नाही. म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, "औषध कोणतं चालू आहे?" पुष्कळदा उत्तर येतं, "ते सहा महिन्याला सलाईनमधून देतात ते." ते बहुधा रिटुक्सिमॅब असतं. आपल्याकडे ते जास्त वापरतात, कारण देशात तयार होत असल्यानं बाकीच्यांच्या मानानं स्वस्त पडतं.

मग हे औषध धोका वाढवतं तर बंद का करू नये? कारण एमएस वाट बघत थांबत नाही. सलाईन लांबवायचं की नाही, किती लांबवायचं, हे डॉक्टर पेशंट बघून ठरवू शकतात, कारण त्याचा परिणाम शरीरात महिनोन् महिने राहतो. फिंगोलिमोडच्या गोळ्या किंवा नॅटॅलिझुमॅब यांचं मात्र तसं नाही. ती एकाएकी सोडली तर आजार पूर्वीपेक्षा जोरानं उसळू शकतो, आणि त्यात गेलेला हात, गेलेली नजर प्रत्येकाला परत मिळतेच असं नाही. न आलेल्या कोरोनाच्या भीतीनं घरात असलेला आजार मोकळा सोडायचा, हा सौदा मला मुळीच पटत नाही. फोनवर आवाज चढतो माझा इथं, पण माझा नाइलाज असतो.

मला स्वतःला झाला तो एप्रिल २०२१ मध्ये. परभणीतला एप्रिल, बाहेर बेचाळीसचं ऊन, आणि अंगात एकशे दोन ताप. सकाळी न्हाणीकडे निघाले तर उजवा पाय उंबऱ्यावरून उचलेना. हातानं मांडीखाली धरून पाय पलीकडे ठेवला. तोंड धुताना बोटांत ब्रश धरवेना. यांना वाटलं रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका, आला, आता सलाईनमधून स्टेरॉइडचा कोर्स द्यावा लागणार. मागच्या रिलॅप्सची चिठ्ठी फाइलमध्ये होतीच. पण त्यांनी आधी संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "स्टेरॉइडचं नंतर बघू. आधी ताप उतरवा."

पॅरासिटामॉल दिलं, कपाळावर आणि मानेवर ओले पंचे ठेवले, कूलरच्या टाकीत शेजारच्या मामींकडचा बर्फ आणून टाकला. दुपारी थर्मामीटर नव्व्याण्णववर आला. मी पलंगावर पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलला. थोड्या वेळानं टाच सरकली. मग गुडघा वर आला. संध्याकाळी ताप चढला तसा पाय पुन्हा लाकडासारखा झाला, आणि रात्री उतरला तसा सुटला.

एमएसवाल्यांना हे उन्हाळ्यातही अनुभवाला येतं. उटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये याची नोंद केली होती. त्यांच्या पेशंटांना श्रमानंतर अंधुक दिसायचं. मागाहून कळलं की खरं कारण शरीर तापणं हे आहे. आवरण गेलेल्या नसेतून निरोप कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो अडकू शकतो. अशा वेळी नवी इजा झालेलीच असते असं नाही, अंग गार झालं की निरोप पुन्हा जायला लागतो. खरा रिलॅप्स चोवीस तासांहून जास्त टिकतो, आणि ताप नसतानाही असतो. म्हणून कोरोनाच्या तापात पाय गेला की लगेच मोठा स्टेरॉइड मागू नका. ताप उतरवा, लघवीत जंतुसंसर्ग नाही ना ते तपासून घ्या, आणि डॉक्टरांना फोन करा.

स्टेरॉइड या एकाच नावाखाली दोन निराळे उपचार चालतात, हेही घरच्यांना ठाऊक हवं. रिलॅप्समध्ये मिथिलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, असं तीन ते पाच दिवस देतात. कोरोनात डेक्सामेथासोन देतात ते रोज सहा मिलिग्रॅम, आणि तेही ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीत त्याचा फायदा दिसला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांमध्येच, इतरांमध्ये नाही. पण त्या दिवसांत एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर हातात पडला की पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालेली माणसं आमच्या गल्लीतसुद्धा होती. शुगर वाढली, आणि पुढे काळ्या बुरशीचे पेशंट निघाले, हे सगळं मराठवाड्यानं बघितलंय.

अजून एक गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात मला दिसली नाही. तेव्हा सगळ्यांना सांगत होते, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि ऑक्सिमीटर लावा. ज्याला सहा मिनिटं चालताच येत नाही त्यानं काय करायचं? आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हाताची खुर्ची घ्या, मिनिटभर उठबस करा आणि मग बोटाला लावा. मी तसं केलं. हे मागे उभे राहायचे, पडले तर धरायला. ज्यांना उठताच येत नाही, त्यांचा आकडा बसून बघावा, आणि धाप लागते का, बोलताना वाक्य तुटतं का, याकडे घरच्यांनी डोळे लावून बसावं.

माझा ताप गेला आणि काही दिवसांनी परत आला. रिटुक्सिमॅबवर असलेल्यांमध्ये विषाणू जास्त दिवस रेंगाळू शकतो. त्यामुळे "झाले की पंधरा दिवस, आता काय राहिलंय" असं म्हणून उलटलेला ताप अंगावर काढू नका. पुन्हा तपासणी करा.

लसीचं विचारता. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा घराघरांत वाद झाले, आमच्याकडेही झाले. कोविशील्ड असो की कोव्हॅक्सिन, दोन्हींत जिवंत कोरोना विषाणू नसतो, आणि लसीमुळे रिलॅप्स वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. एकदोन दिवस ताप येतो, तेवढ्यापुरती जुनी लक्षणं डोकं वर काढतात आणि जातात. सहा महिन्यांच्या सलाईनवाल्यांनी तारीख जुळवायला हवी. शेवटच्या डोसनंतर तीन महिने तरी गेलेले असावेत आणि पुढचा डोस निदान चार आठवडे लांब असावा, असा सल्ला त्या काळात दिला जात होता. त्यात लोक लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडी तपासून यायचे आणि रिपोर्टमधला शून्य बघून रडत फोन करायचे. अँटिबॉडी बी पेशींच्या जोरावर तयार होतात, आणि आपलं औषध नेमक्या त्याच काढून टाकतं. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी, शिल्लक असतात, त्या लस ओळखतात, पण त्यांचा आकडा त्या रिपोर्टात येत नाही. फिंगोलिमोडवर असलेल्यांच्या टी पेशींचा प्रतिसादही कमी पडतो. म्हणून घरातल्या बाकीच्यांनी लस घेणं आणि सर्दी-खोकला असलेल्यानं मास्क लावून दूर बसणं हे आमच्यासाठी फार मोलाचं आहे. माझ्या सासूबाईंनी गल्लीत सगळ्यांच्या आधी लस घेतली, माझ्याचसाठी.

आता कोरोना येतो तो बहुतेकांना सर्दीतापासारखा येतो, पण वर सांगितलेलं आमच्यापुरतं बदललेलं नाही. तेव्हा पोरीच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, एरवी ती किती चालते, आणि न्यूरोलॉजिस्टचा नंबर. रात्री-अपरात्री ज्या दवाखान्यात न्यावं लागेल तिथल्या डॉक्टरनं एमएसचा पेशंट कदाचित कधी पाहिलेलाही नसेल, आणि तापात तिला स्वतःला हे सांगता येईल याचा भरवसा नाही.