पेरणीतला रविवार

जालना, जूनचा तिसरा रविवार. रात्रीचे साडेदहा.

शुक्रवारी रात्री मृगाचा पाऊस दणकून झाला, काल दिवसभर ऊन पडलं आणि आज वाफसा. ज्यांच्या घरी बी-बियाण्याचं दुकान आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळपासून यांचा फोन वाजत होता. "भाऊ, कपाशीच्या बॅगा बाजूला ठेवा." "डीएपी खत आलं का?" "कधी उघडता?" आणि चर्चची उपासना नऊला.

हे म्हणाले, "तू आणि आई जा. मी अर्धं शटर वर करून बसतो." वर शास्त्राचा आधारही काढला. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी बैल विहिरीत पडला तर लगेच बाहेर काढणार नाही का, असं प्रभूनंच विचारलंय ना, लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात? मग ज्याची पेरणी अडलीय त्याला बी देणं म्हणजे बैल काढणंच की!

मुद्दा खोटा नाही. कोरडवाहूवाल्याची ओल गेली की हंगाम गेला, हे मी काउंटरवर बसून इतकी वर्षं बघतेय. पण मीही म्हटलं, "बैल एखाद्या शब्बाथाला पडतो. आपल्याकडं तो मेपासून जुलैपर्यंत दर रविवारी पडतो, आणि रब्बीला परत." सासूबाई मोठ्यानं हसल्या. यांनी मुकाट्यानं शर्ट बदलला. शटरवर खडूनं लिहिलं, 'साडेअकराला उघडेल', आणि तिघंही गेलो.

परत आलो तेव्हा पायरीवर माणसं बसलेली. एक म्हातारबाबा म्हणाले, "देवाला गेल्ता व्हय? मंग बरं." दोघं-तिघं मात्र शेजारच्या दुकानात गेल्याचं कळलं. ते गिऱ्हाईक आता हंगामभर तिकडंच जाणार. रविवार पाळायची किंमत असते आणि ती रोख मोजावी लागते. 'देव भरून काढतो' असं लोक पटकन म्हणतात. मला तसं हिशेबात धरता येत नाही. गेलं ते गेलं.

दुपारी जरा गर्दी ओसरल्यावर मार्कचा पहिला अध्याय उघडला. मी या भागाकडं नेहमी वेळापत्रक म्हणून बघते. कफर्णहूममधला तो दिवस बघा. सकाळी सभास्थानात शिक्षण, तिथंच भूतबाधा झालेला माणूस, तिथून शिमोनाच्या घरी, तर त्याची सासू तापानं फणफणलेली. सूर्य मावळून शब्बाथ संपला तसं सगळं गाव दुखणेकरी घेऊन दाराशी. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी प्रभू उठून रानात प्रार्थनेला गेलेला. शिमोन शोधत येतो : सगळे तुम्हाला शोधताहेत. यावर आपण काय केलं असतं? धावत परत गेलो असतो. प्रभू म्हणतो, चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ. म्हणजे दाराशी आलेल्यांतले काहीजण तसेच राहिले असणार. मला ही जागा फार अवघड वाटते, आणि म्हणूनच खरी वाटते. गर्दी संपल्यावर प्रार्थना, असा बेत त्यानं केलाच नाही. गर्दी संपत नसते. आमची तर जूनमध्ये खताची, ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या बियाण्याची आणि मधल्या काळात उधारीची.

'काम हीच पूजा' हे वाक्य आमच्या बाजारात दर दुसऱ्या दुकानात लावलेलं आहे. सावता माळ्यांच्या तोंडी ते शोभतं, कांद्या-मुळ्यात त्यांना विठाई दिसत होती. मला डीएपीच्या पोत्यात अजून तरी डीएपीच दिसतं.

तरी काउंटरवर प्रार्थना होतच नाही असं नाही. मला त्यात जुन्या करारातला नहेम्या आवडतो, परक्या राजाच्या पदरी चाकरीला असलेला. राजानं विचारलं, तुझी काय मागणी आहे? नहेम्यानं आधी देवाची प्रार्थना केली, मग उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली ती प्रार्थना किती सेकंदांची असेल? खत देताना आमच्या पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, आधारचा अंगठा लावायचा असतो, आणि कष्टानं झिजलेले अंगठे मशीनला दिसत नाहीत. पुन्हा लावा, पुसून लावा, सर्व्हर फिरतोय. तेवढ्यात समोरच्या माणसासाठी मनात दोन शब्द बोलता येतात. उधारीची वही उघडली की नावं आपोआप समोर येतात, त्यांच्यासाठीही. वसुलीसाठी नाही, माणसासाठी. (थोडं वसुलीसाठीसुद्धा.)

पण नहेम्याचा पहिला अध्याय वाचला की कळतं, त्या दोन सेकंदांच्या मागं यहुदी पंचांगातल्या किसलेव ते नीसान असे चारेक महिने रडून, उपास करून केलेली प्रार्थना होती. ती नसती तर राजासमोर त्याला फक्त घाम फुटला असता. चालता-चालता केलेली प्रार्थना बसून केलेल्या प्रार्थनेवर जगते. ज्या आठवड्यात माझी पहाट बुडते, त्या आठवड्यात काउंटरवरही काही सुचत नाही. नुसती चिडचिड होते.

संध्याकाळी पैठणकडचे एक जुने गिऱ्हाईक आले. दरवर्षी नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात. "पेरणी राहिली तर?" असं विचारलं तर म्हणाले, "पोरगं बघंल. वारी काय फुरसतीची हाय का?" कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट चारदा उलटून-पालटून बघणारा हा माणूस दिवसच्या दिवस मात्र न मोजता देतो. आज सकाळीच आम्ही पेटी-टाळावर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग म्हटला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी वारकऱ्यांचा छंद सोडला नाही, म्हणून आमच्या चर्चमध्येही टाळ आहे. या बाबांना ते सांगितलं तर म्हणाले, "मंग एकदा ऐकवा की."

सासूबाईंचं माहेर बेथेलकडचं. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्याजवळ वसवलेली ती वस्ती. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आमच्या लोकांचीही पेरणी असायची गं. मृग काय फक्त इतरांवर पडायचा?" यांनी भाकरी मोडत मान हलवली, पण बैलाचा मुद्दा सोडलेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा निघेल.

उद्या खताची गाडी सहाला येणार म्हणतात. म्हणजे मला साडेचारला उठावं लागेल. गाडी लवकर आली तर हमालांना थांबायला सांगितलंय, चहा माझ्याकडून.