बरक्याला गिऱ्हाईक: आमची वाटचाल

कोल्हापुरात फणस म्हटलं की लोकांना कोकण आठवतं. पण आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा हे तालुके आपलेच, आणि तिथं बांधावर, परड्यात फणस उभा आहे. पश्चिम घाट हे तर या झाडाचं मूळ घर. आमचा कारखाना (शब्द मोठा झाला, पत्र्याच्या दोन शेड आहेत) याच फणसावर चालतो, आणि त्यातही बरक्यावर, म्हणजे मऊ गऱ्याच्या फणसावर. त्याचा गर वाळवून आम्ही फणसपोळी करतो.

कापा विकायला डोकं लागत नाही. गरा करकरीत, सुटा निघतो. वटपौर्णिमेच्या तोंडावर मंडईत गऱ्यांचे वाटे लागतात, वाणात गरा हवाच असतो. बरका लिबलिबीत, नरड्यात सरकणारा. गोडीला तसूभर कमी नाही, पण शहरातलं गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. व्यापारी झाडाखाली येऊन विचारायचा, "कापा हाय न्हवं?" नाही म्हटलं की पुढच्या बांधावर. बरका खाली पडून गुरांच्या तोंडी जायचा. लाकडाला भाव असल्यानं अशी झाडं आधी तोडली जायची. तोच माल घ्यायचं आम्ही ठरवलं.

फळ बाहेरून बघून कापा की बरका, हे सांगणं अवघड. बी रुजून आलेलं झाड आईवर जाईलच असं नाही, त्यामुळं शेजारची दोन झाडंही वेगळी निघतात. ओळख फक्त मालकाला. म्हणून आमच्या वहीत झाडांची नोंद आहे: कुणाच्या परड्यातलं, रस दाट की पातळ, पिकतं कधी. यंत्र विकत मिळतं, ही वही मिळत नाही.

कर्जाला गेलो तेव्हा एका साहेबांनी सल्ला दिला, "फणस कशाला? गुऱ्हाळ काढा." पुढं २०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना आली, खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. त्यातून पल्पर (गर काढायचं यंत्र) आणि सोलर ड्रायर (उन्हावर चालणारं वाळवणी यंत्र) घेतला.

ड्रायर चैन म्हणून घेतला नाही. हाताला, कोयत्याला गोडंतेल लावून बायका फणस फोडतात, आठळ्या काढून गर चाळतात, साखर मिसळून ताटात पातळ थर देतात. हे सगळं ऐन मे महिन्यात, आणि दुपारी कधी वळीव कोसळेल याचा नेम नाही. ओली पोळी एकदा भिजली की बुरशी धरते. जूनचा पाऊस लागला की फळच पाणचट होतं, म्हणजे वर्षाचा धंदा काही आठवड्यांत उरकायचा.

गुळाची फणसपोळीही करतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यासाठी नव्हे; चव खोल लागते म्हणून. रंग काळपट येतो. पुण्याची दुकानं पिवळीच मागतात, कोल्हापूरकर मात्र गुळाचीच नेतात.

आठळ्या धुऊन, वाळवून वेगळ्या विकतो. पावसाळ्यात भाजून खायला त्यांना मागणी असते. पोळी मेअखेरीस तयार होते. गुळाची आधी संपते, तेवढी लवकर सांगून ठेवावी.