चालू गाडी

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५. रात्रीचे पावणेबारा.

आठ दिवस झाले, तरी भंगाराच्या यार्डातल्या त्या पोराचं वाक्य डोक्यातून जात नाही. “काका, ही तर चालू गाडी आहे की!”

त्याला टोचून बोलायचं नव्हतं. वीस-बावीसचा असेल. मी चावी दिली, तो आत बसला, एका सेल्फला इंजिन लागलं आणि त्याला नवल वाटलं, इतकंच. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुधा टोचनला लावून येत असतील, टायर बसलेल्या, काचांवर बोटाने नावं लिहिलेल्या. त्याने एकदा बोनेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते म्हणाला. मी “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

लिहून काढावं म्हणून बसलोय. दादाशी बोलून उपयोग नाही. वहिनीशी बोललो तर दादापर्यंत जाणारच. आई काहीच विचारत नाही, त्याचंच ओझं जास्त होतं. असो.

२२ तारखेला, शनिवारी, सकाळी साडेसहाला निघालो. यार्ड चाकणच्या पुढे. ते लोक घरी येऊन गाडी नेतात, दादाने नंबरही दिला होता. मीच म्हटलं, मी नेतो. आबांची, म्हणजे वडिलांची, मारुती झेन दोरीला बांधून गेटाबाहेर जाणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आता वाटतं, तशी गेली असती तर बरं झालं असतं. मी वरून गॅलरीतून बघितलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. तिच्या शेवटच्या चाळीस किलोमीटरभर स्टिअरिंग माझ्याच हातात असायला नको होतं.

भोसरी सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. पाचव्या गिअरला नव्वदला गेली, स्टिअरिंगला थरथर नाही. चाकण चौकात नेहमीची कोंडी. पाऊण तास जागेवर. रेडिएटरचा फॅन लागायचा, बंद व्हायचा, परत लागायचा. टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या खाली होता तो तिथेच राहिला. मी बाकी कुठे न बघता त्या काट्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आज तरी गरम हो. आज एकदा तरी बंद पड, म्हणजे मला सांगायला काहीतरी मिळेल. ती पडली नाही. पंचवीस वर्षांत रस्त्यात पडली ती दोनदाच, एकदा फॅनबेल्ट आणि एकदा खंबाटकीत क्लचची केबल. त्या ९९३ सीसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाचं हेड एकदाही उघडलेलं नाही. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले होते, आणि तेही आबांच्या हातचे.

यार्डात आधी वजनकाटा. रिकामी गाडी काट्यावर उभी केली, मी खाली उतरलो, आतल्या माणसाने आकडा लिहून घेतला. सातशे साठ किलोच्या आसपास. मी बंद करून ठेवलेली, धुतलेली, आदल्याच दिवशी हवा भरलेली गाडी त्या लोखंडी पाट्यावर उभी होती आणि कुणी तिचा नंबरही वाचत नव्हतं. ज्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आबांनी एजंटाच्या घरी दोन खेपा घातल्या होत्या. नव्या सुरक्षा नंबर प्लेटाही ऑगस्टमध्ये मीच रांग लावून बसवल्या होत्या. त्याचा होलोग्राम अजून चकचकीत होता.

मग दुसऱ्या माणसाने बोनेट उघडलं आणि फायरवॉलवरचा चासी नंबर फडक्याने पुसला. मला एकदम आबा दिसले. २०१५ला पंधरा वर्षं झाली तेव्हा रीपासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवून घ्यायला, गेलो होतो, आणि २०२०ला परत. दोन्ही वेळेला आबांनी त्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली होती. एकेक आकडा कागदावर पांढरा उमटत यायचा. एजंट म्हणायचा, “द्या काका, मी घेतो ठसा,” पण आबा देत नसत. ठसा नीट उमटला की कागद उजेडाकडे धरून बघायचे. आता तेवढा पत्राच कापून काढतात, नंबर कायमचा रद्द झाल्याचा पुरावा म्हणून. माणूस म्हणाला, “तुम्ही थांबायची गरज नाही.” थांबलो नाही.

सरकारने गाडी ओढून नेली असती तर निदान भांडता आलं असतं. तसं झालं नाही, हे मला स्वतःला परत परत सांगावं लागतंय. जुन्या गाड्या भंगारात काढायचं सरकारी धोरण खासगी गाडीला सक्ती करत नाही. ते आलं १३ ऑगस्ट २०२१ला, आणि कागदावर त्यात वयापेक्षा फिटनेसला किंमत आहे. गाडी तपासणीत पास झाली की आणखी पाच वर्षं मिळतात. आमची पास झालीच असती. पीयूसी मार्चपर्यंत आहे, कागद इथे ड्रॉवरमध्ये आहे. पण रीपासिंगची फी २०२०ला ६०० रुपये होती, २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाली, आणि यंदा ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली. वर पर्यावरण कर वेगळा. आणि पलीकडच्या पारड्यात काय, तर भंगाराचे पैसे, गाडी भंगारात दिल्याचा दाखला म्हणजे ठेव प्रमाणपत्र, नव्या गाडीच्या करात सवलत, ती केंद्राच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत. त्यात सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. दादाने हे सगळं एका कागदावर मांडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. बेरीज बरोबर होती. गुरुवारी, २७ला, आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदत संपत होती. पार्किंग एकच. अनू गाडी शिकतेय आणि झेनला एअरबॅग नाही. यातल्या एकाही गोष्टीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“चालू गाडी आहे रे,” एवढं तेव्हा मला म्हणता आलं असतं. ते म्हणायला तो परका पोरगा लागला.

प्रदूषणाच्या नव्या, बीएस-६ निकषाची गाडी झेनपेक्षा कितीतरी स्वच्छ चालते हे मला मान्य आहे. काळा धूर ओकत घाट चढणारे टेम्पो रस्त्यावरून जायलाच हवेत, हेही मान्य. पण अलीकडे वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर चालणारी, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी आणि तो टेम्पो एकाच काट्यावर कसे चढवता? गाडी कशी ठेवली आहे हे कुणीच विचारत नाही, कितव्या सालची एवढंच बघतात. दिल्लीत तर १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने रस्त्याबाहेर काढलं होतं. यंदा जुलैत पंपावर इंधनही द्यायचं नाही असं निघालं, ते लोकांच्या ओरड्याने काही दिवसांत मागे घेतलं. तिकडच्या कितीतरी धडधाकट गाड्या एनओसी, म्हणजे बाहेरच्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला, घेऊन मिळेल त्या भावाने इकडे आल्या. निदान त्या रस्त्यावर तरी आहेत. सरकारी गाड्यांना तेवढंही नशीब नाही. २०२३च्या एप्रिलपासून १५ वर्षं झाली की नोंदणी संपली, मग ती एखाद्या ड्रायव्हरने पोटच्या पोरासारखी ठेवलेली जीप असली तरी.

२००९ साली अमेरिकेत झालं ते मी तेव्हा इंटरनेटवर बघितलं होतं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. जुनी गाडी द्या, नवी घ्या, सरकार पैसे देईल, अशी योजना होती. अट अशी की गाडी चालत्या स्थितीतली हवी. मग डीलरच्या आवारात ऑइल काढून इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत फिरवायचे. पावणेसात लाखांच्या वर गाड्या गेल्या तशा. काही इंजिनं एक-दोन मिनिटांत बसायची. काही बराच वेळ झगडायची, आवाज बदलायचा, धूर यायचा, तरी चालूच. ते बघताना मी दादाला म्हटलं होतं, आपल्याकडे असं कुणी करणार नाही, आपण वस्तू टाकणारी माणसं नाही. आईने दहा वर्षं जुना मिक्सर तिसऱ्यांदा वाइंडिंगला दिला होता, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या झेनचं इंजिन कसं बंद केलं असेल, हे मी विचारलं नाही.

आणि पन्नास वर्षं गाठली की मग मान आहे. २०२१च्या नियमाने पन्नाशीपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणायचं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, रॅलीत, प्रदर्शनात न्यायला परवानगी. आमची झेन २०५०ला पन्नाशीची झाली असती. पण मधली वर्षं काढायची कशी? राजेरजवाड्यांच्या गाड्या निघतात, त्यांना गॅरेज असतं, माणसं असतात. झेन, एस्टीम, ८०० या गाड्या आपल्या, कारकुनांच्या आणि मास्तरांच्या. कर्ज काढून घेतलेल्या, पेढे वाटून घरी आणलेल्या. त्या कोण जपणार? २०५०च्या रॅलीत रोल्स-रॉईस असेल, आबांसारख्या माणसाने भविष्य निर्वाह निधीतून घेतलेली गाडी नसेल. लोकांना वाटेल त्या काळी आपल्याकडे सगळे रोल्स-रॉईसमधूनच फिरायचे.

याच आठवड्यात टाटाची नवी सिएरा गाडी आली. गेल्या मंगळवारी. पहिली १९९१ची, आपल्या इथली, मागची काच छताकडे वळवलेली. मोबाइल उघडला की तीच. दादाने कौतुकाने पाठवली, “बघ, तुझी आवडती परत आली.” मी अंगठा पाठवला. नाव परत आलं याचा आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण १९९१वाल्या किती उरल्या आहेत आणि त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलंय, ते त्या जाहिरातीत कुठे असणार?

आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये गेलो. नवी गाडी शुक्रवारी येणार, तोवर जागा रिकामी आहे. मला वाटलं होतं तेलाचा डाग असेल, फरशीवर काहीतरी असेल. टॉर्च लावून बघितलं. काही नाही. भोवती धूळ आणि मधे गाडीएवढा स्वच्छ चौकोन, कोरडा. थेंबसुद्धा गळत नव्हता तिचा. तिथे जरा वेळ उभा राहिलो, मग वॉचमन आला आणि साहेब काही हरवलं का विचारायला लागला, म्हणून वर आलो.

वर येतो तोच गॅरेजवाल्या मेस्त्रींचा फोन. आठ दिवस त्यांचा फोन मीच घेत नव्हतो. त्यांना कळलं होतं. मला वाटलं रागावतील. “आधी सांगायचं होतंत,” एवढंच म्हणाले, आणि जरा थांबून, “तुम्ही तरी काय काय धरून ठेवणार.” मग त्यांनी आपला विषय काढला. कोथरूडची एक इंजिनिअरिंगची मुलगी आहे, आजोबांची २००२ची झेन चालू करायचीय तिला. घरचे म्हणतात दे भंगारात. ती पॉकेटमनीतून पार्ट घेतेय, शनिवारी येऊन स्वतः हाताने काम करते. बॉडी चांगली आहे, म्हणाले, टाकीत जुनं पेट्रोल जाऊन गाळ झाला होता, तो काढला, रबरी पाइप सगळे बदलले, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं तर ते बदलावेच लागतात. टेल लॅम्प फुटलाय आणि कुठे मिळत नाही. “तुमच्याकडे आबांनी एक जोड घेऊन ठेवलेला ना, जुन्या बाजारातून?”

मी विसरलोच होतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी आबांनी तो घेतला होता, घासाघीस करून, आणि घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसले होते. त्यातला एक नंतर वापरला, सोसायटीच्या गेटावर मी मागे घेताना ठोकली तेव्हा. आबा काही बोलले नव्हते. दुसरा राहिला.

फोन ठेवून माळ्यावर चढलो. दिवाळीच्या आकाशकंदिलामागे खोकं होतं, २०१२च्या ‘सकाळ’ पेपरच्या पानात गुंडाळलेला टेल लॅम्प. लाल काच जशीच्या तशी, एक ओरखडा नाही. ओल्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवलाय, आत्ता समोर आहे. मागे आबांच्या अक्षरात मार्करने लिहिलंय, ‘डावा’.

मेस्त्रींना विचारायचं राहिलं तिला कोणता हवाय ते. उजवा म्हणाली तर तो चाकणला गेला.

सकाळी आठला गॅरेज उघडतं. ऑफिसच्या आधी जाऊन येतो. आरशाच्या मागे ठेवलेली दुसरी चावीही आहे, पण ती मी कुणाला देणार नाही.