36.4 की 38.4?

20 मार्चच्या विषुवदिनी दोन गावांत सावली मोजायची आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, हा आमच्या संस्थेचा दरवर्षीचा उपक्रम. सप्टेंबरचा विषुवदिन ढगांत जातो, म्हणून मार्चच. यंदा एक शाळा कोल्हापूरजवळची, दुसरी जळगावजवळची. अक्षांशांत 4.3 अंशांचा फरक, सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 477 किमी. एसटीच्या तिकिटावरचं अंतर धरायचं नाही, हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

दोन्हीकडे जीआय पाइप जमिनीत सिमेंटनं पक्का केलेला, वर बरोबर 1 मीटर. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण. टोक कधीच रेखीव नसतं, सेंटिमीटरभर धूसर पट्टा पडतो, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची चकती आहे. गडद सावली संपते तिथे एक टिंब, पूर्ण ऊन सुरू होतं तिथे दुसरं, आणि मोजायचं मधोमध. मध्यान्ह, म्हणजे सावली सगळ्यांत आखूड व्हायची वेळ, कोल्हापूरला साधारण 12.40 ला, जळगावला 12.35 ला. शिक्षक मोबाइलच्या घड्याळावरून हमरीतुमरीवर येतात, पण पाच मिनिटं चुकली तरी सावलीत मिलिमीटरचाही फरक पडत नाही. विषुवदिनी टोक जवळजवळ सरळ रेषेत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. घात करतो तो पाइपचा कल, आणि ओळंबा लावायचा सगळ्यांना कंटाळा.

कोल्हापूरहून 30.0 सेंमी आले, जळगावहून 38.4. सावल्यांवरून सूर्याचे कोन काढले, तर त्यांत 4.3 अंशांचा फरक. 4.3 अंशांना 477 किमी, तर 360 अंशांना किती? परीघ 40 हजार किमीच्या आसपास. देणगीदारांना अहवाल त्याच संध्याकाळी गेला.

दोन आठवड्यांनी जळगावच्या शाळेतली मूळ वही पाहिली. 12.31 ला 36.5, 12.33 ला 36.4, 12.35 ला 38.4, 12.37 ला पुन्हा 36.4. सगळ्यांत आखूड म्हणून निवडलेली सावली शेजारच्या दोन्हींपेक्षा लांब! 38.4 च्या खाली खोडरबराचा डाग होता.

सरांनी लपवलं नाही. "मॅडम, 36.4 नं 52 हजार येत होते. पाहुणे समोर बसलेले. फळ्यावर काय लिहिणार?"

पाइप अजून तिथेच होता. वरच्या टोकापासून ओळंबा सोडला, तर तो बुडापासून दक्षिणेला 2 सेंमीवर टेकला. पाइप सूर्याकडे झुकलेला, त्यामुळे बुडापासून मोजलेली सावली तेवढीच आखूड. मोजायचं होतं ओळंबा टेकतो तिथून. 36.4 अधिक 2, म्हणजे 38.4. सावली मोजणाऱ्या मुलीचं माप मिलिमीटरपर्यंत चोख होतं. जागेवर ओळंबा सोडला असता तर त्या 52 हजारांतून वर्गाला अख्खा एक तास मिळाला असता. कललेली काठी चालते, फक्त मापाचा आरंभ बदलतो, एवढं आठवीच्या मुलांना नक्की कळलं असतं.

मोजणारी मुलगी शेजारी उभी होती. "मग माझं 36.4 परत लिहू?" सर माझ्याकडे बघू लागले.

त्यांच्यावर चिडावं, तर 38.4 हा आकडा त्यांना आमच्याच शिक्षक-पुस्तिकेतून मिळाला होता. 'अपेक्षित सावली' असा रकानाच आहे तिथे, शिक्षकांच्या आग्रहावरून घातलेला. "उत्तर माहीत नसेल तर चुकतंय हे कळणार कसं?" हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. त्यात देणगीदारांच्या फॉर्ममध्ये 'यशस्वी प्रयोगांची टक्केवारी' विचारतात. फसलेल्या प्रयोगातून काय हाती लागलं, याला त्यात जागा नाही.

सुधारित अहवाल पाठवला, त्यावर अजून पोच नाही. पुढच्या संचात दोरी आणि वजनाचा ओळंबा जाईल, आणि पहिली नोंद 'ओळंबा कुठे टेकला' ही असेल. पुस्तिका जानेवारीत छापायला जाते. तो रकाना आज काढला, संध्याकाळी परत घातला.